निराळा खेळगडी

मधल्या सुट्टीची घंटा होते आणि शाळेचे पटांगण पाहता पाहता भरून जाते. एका बाजूस लंगडीचा डाव रंगतो, दुसऱ्या बाजूस लगोरी फुटते, पायऱ्यांवर बसून मुली सागरगोटे झेलतात, आणि कोणाचा तरी चेंडू नेमका मुख्याध्यापकांच्या खिडकीखाली जाऊन पडतो. तो आणायला कोणी जायचे, यावर मग वेगळाच वाद जुंपतो. मुलांच्या या गजबजाटासारखा गोड आवाज शाळेत दुसरा नसेल.

परंतु एखाद्या शाळेत, एखाद्या कोपऱ्यात, या गजबजाटापासून दूर एक मुलगा एकटाच बसलेला असतो. त्याच्या हाती डब्याचे झाकण असते. ते तो फरशीवर कडेवर उभे करतो, बोटांनी त्याला गिरकी देतो आणि ते डळमळत आडवे होईपर्यंत मान तिरकी करून पाहत राहतो. झाकण थांबले की आनंदाने दोन्ही हात हवेत फडफडवतो आणि पुन्हा गिरकी देतो. शाळेत नवीन आलेली मुले विचारतात, "हा का खेळत नाही?" प्रश्न आपुलकीचा असतो, पण त्यातच एक चूक दडलेली असते. तो मुलगा खेळतच असतो.

खेळ म्हणजे तरी काय? ज्यात मन रमते, जे कोणाच्या आज्ञेवाचून स्वतःच्या आनंदासाठी केले जाते, आणि संपले की पुन्हा करावेसे वाटते, ते खेळणे. बक्षीस मिळो वा न मिळो, खेळणारा खेळत राहतो. या कसोटीवर पारखून पाहिले, तर लगोरी फोडणारा मुलगा आणि झाकणाला गिरकी देणारा मुलगा या दोघांत तिळमात्र फरक नाही. दोघेही खेळगडीच. एकाचा खेळ सर्वांना ठाऊक आहे, दुसऱ्याचा अजून कोणी शिकून घेतलेला नाही, एवढेच.

झाकण काय, कोणीही फिरवील. परंतु काही मुलांचा बहुतेक खेळ असाच, एकट्याचा आणि एकाच लयीत चालणारा असतो. अशा पुष्कळ मुलांच्या या वेगळेपणाला मराठीत स्वमग्नता म्हणतात. ऑटिझम हा शब्दही आता पुष्कळांच्या ओळखीचा झाला आहे; त्याच्या मुळाशी 'स्वतः' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. स्वमग्नता म्हणजे तापखोकल्यासारखे दुखणे नव्हे. ती एकापासून दुसऱ्याला होत नाही, आणि औषध घेतले म्हणून चार दिवसांत जातही नाही. या मुलांच्या मेंदूची घडणच मुळात थोडी निराळी असते. त्यामुळे पाहणे, ऐकणे, बोलणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे या गोष्टी त्यांच्या बाबतीत निराळ्या रीतीने घडतात.

ही सारी मुले एकसारखी असतात, असेही समजू नये. कोणी मुळीच बोलत नाही. कोणी आगगाड्यांविषयी तासभर अखंड बोलतो. कोणाला जेवताना आणि कपडे घालताना मदत लागते. कोणी वर्गात पहिला क्रमांक मिळवतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर काही विद्वानांनी असा समज पसरवला होता की, आईने पुरेशी माया केली नाही म्हणून मूल असे होते. किती मातांनी हा आरोप निमूटपणे सोसला असेल! पुढे शास्त्रज्ञांच्या अभ्यासाने तो समज साफ खोटा ठरला. मुलाचा दोष नाही, आईचा नाही, वडिलांचाही नाही.

या मुलांच्या खेळाचे एक जुने आणि बारकाईने लिहिलेले वर्णन अमेरिकेतून मिळते. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावी १९३३ साली डोनाल्ड ट्रिप्लेट नावाचा मुलगा जन्मास आला. तो लहानपणापासून इतर मुलांहून वेगळा होता. आईवडिलांनी त्याला दूरच्या बाल्टिमोर शहरी लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांकडे नेले, ते १९३८ साली. नेण्यापूर्वी वडिलांनी मुलाच्या बारीकसारीक सवयींविषयी ३३ पानांचे पत्र डॉक्टरांना लिहून पाठवले होते. कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात पहिले वर्णन डोनाल्डचे आहे.

डोनाल्ड काय खेळे? जे जे फिरेल ते ते फिरवी. ठोकळे, घरातील तवे, कोणतीही गोल वस्तू त्याला चाले. मणी, काड्या, ठोकळे घेऊन तो त्यांच्या रंगांच्या क्रमाने रांगा लावी. असा एक डाव पुरा झाला की तो आनंदाने चीत्कारे आणि जागच्या जागी उड्या मारी. त्याच्या जवळ उभ्या असलेल्या माणसांकडे मात्र त्याचे लक्ष नसे. त्या उड्या वाचकाने विसरू नयेत. जिंकलेल्या गड्यासारख्याच त्या होत्या. फक्त त्या डावात प्रतिस्पर्धी कोणी नव्हता.

एकदा त्याच्या अंगणात घसरगुंडी आली. आसपासची मुले धावून आली आणि एकामागून एक घसरू लागली. डोनाल्ड तिच्या जवळही जाईना. त्याला उचलून वर बसवले, तेव्हा तो भीतीने गांगरून गेला. कोणालाही वाटले असते की याला घसरगुंडी आवडत नाही; खर्च फुकट गेला. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कोणी नसताना तो एकटाच बाहेर आला, शिडी चढला आणि सर्रकन खाली आला. त्यानंतर तो पुष्कळदा घसरगुंडीवर खेळे, मात्र दुसरे मूल तेथे नसेल तेव्हाच. त्याला भीती होती ती गर्दीची. घसरगुंडीशी त्याचे वैर नव्हते. पहिल्या दिवशीच निकाल लावून घसरगुंडी काढून टाकली असती, तर एका मुलाचा खेळ कायमचा हिरावला गेला असता.

गर्दीची इतकी भीती का वाटावी? त्याचे एक कारण कानात, डोळ्यांत आणि त्वचेत आहे. शाळेची घंटा सर्वांच्याच कानी पडते आणि विरून जाते. काही स्वमग्न मुलांना तोच आवाज डोक्यात घण घातल्यासारखा वाटतो, म्हणून ती कानांवर हात घट्ट दाबून धरतात. कोणाला गणवेशाच्या मानेजवळची शिवण दिवसभर टोचत राहते. कोणाला पाठीमागून आलेला हलका धक्काही सहन होत नाही. याच्या उलट काही मुलांना अशा संवेदना कितीही मिळाल्या तरी पुरेशा वाटत नाहीत. ती झोक्यावरून उतरत नाहीत, पलंगावर उड्या मारतात, जड गोधडीखाली स्वतःला गच्च गुंडाळून घेतात. हात फडफडवणे, जागच्या जागी डुलणे यांनीही त्यांचे मन शांत होते. मोठेपणी अनेक स्वमग्न माणसांनी स्वतःच हे सांगितले आहे.

दुसरे कारण असे की, पुढच्या क्षणी काय होईल, हे माणसांच्या बाबतीत कधीच नक्की सांगता येत नाही. आता हसणारा मित्र क्षणात रुसतो. 'ये, ये' म्हणणारी मुले खोडीही काढतात. ठोकळ्यांचे तसे नसते. लालामागे निळा ठेवला की तो निळाच राहतो. नळाखाली तांब्या धरला की तो दर वेळी त्याच क्रमाने भरतो आणि सांडतो. ज्याला जग फार वेगाने आणि फार गोंगाटाने अंगावर येते असे वाटते, त्याला अशा खेळात विसावा मिळतो. म्हणून कोणी त्याची रांग मोडली की तो आकांत करतो. इतरांना वाटते, एवढ्याशा ठोकळ्यासाठी एवढा ओरडा! पण त्याच्या दृष्टीने, साऱ्या दिवसात नीट लागलेली एकच गोष्ट कोणी तरी उधळून दिलेली असते.

भातुकलीत तर या मुलांची मोठीच अडचण होते. भातुकलीत खडे लाडू होतात, पाने ताटे होतात, शेजारची चिमणी मुलगी सासूबाई होऊन रागावते. हे सारे खोटे आहे, हे सर्वांना माहीत असते आणि तरीही सर्वजण ते खरे मानतात. असा करार कोणी मोठ्याने सांगत नाही. स्वमग्न मुलाला तो न सांगता उमगत नाही. त्याच्यापुढे कोणी लाडू ठेवला, तर तो सरळ म्हणतो, "हा दगड आहे." सारी हसतात. वास्तविक त्याने चुकीचे काय सांगितले? लपंडावात तो रोज त्याच दाराआड लपतो, किंवा राज्य घेणाऱ्याने "कोठे आहेस?" असे विचारताच "येथे आहे" असे प्रामाणिकपणे उत्तर देतो. खो-खोमध्ये हूल देणाऱ्याच्या मनात काय आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही. त्याची फसगत होते. लबाडी मात्र तो सहसा करत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. काही स्वमग्न मुली खेळणाऱ्या मुलींच्या कडेला उभ्या राहून त्यांचे हसणे, बोलणे, टाळी देणे बारकाईने पाहतात आणि तसेच करू लागतात. वरवर पाहणाऱ्याला त्या खेळात मिसळलेल्या दिसतात. परंतु पाठ केलेला धडा दिवसभर म्हणत राहावे तसे ते असते. घरी पोचेपर्यंत त्या थकून जातात. कधी दप्तर टाकताच रडू कोसळते. त्यांचे कष्ट कोणाच्या नजरेस येत नाहीत, म्हणून त्यांची स्वमग्नता पुष्कळदा उशिराने ओळखली जाते.

घरी गोष्ट थोडी सोपी असते. तेथील आवाज ओळखीचे, माणसे ओळखीची, वस्तूंच्या जागा ठरलेल्या. एक मूल कुकरच्या शिट्ट्या मोजत बसते. दुसरे छताचा पंखा सुरू करून बंद करते आणि पाती मंदावत जातात ते पाहते. तिसरे तांदळाच्या डब्यात हात घालून मुठीतून तांदूळ गाळत राहते. एखादे मूल स्थानकावरील गाडीची घोषणा त्याच सुरात, त्याच ठेक्यात दिवसातून वीसदा म्हणते. आजीला वाटते, याला काही सांगायचे आहे. तिचे वाटणे खरेही असते: मागे त्या गाडीने सर्वजण आनंदाने प्रवासाला गेले होते, आणि आज पुन्हा जावे, असे त्याच्या मनात असते. 'आपण जाऊ या' हे शब्द त्याला जुळवता येत नाहीत. म्हणून तो सारी घोषणाच म्हणून दाखवतो.

अशा भावाशी बहिणीने खेळावे कसे? पुष्कळ घरी प्रथम प्रयत्न होतो तो त्याला आपल्या खेळात ओढण्याचा. "हे सोड, इकडे ये, चेंडू पकड!" तो जात नाही. मग कधी तरी बहीण थकून त्याच्या शेजारी बसते आणि काहीच न बोलता काड्यापेट्यांची तशीच दुसरी रांग लावू लागते. तो क्षणभर थांबतो. तिरक्या नजरेने पाहतो. ती त्याच्या रांगेला हात लावत नाही, म्हणून तो पुन्हा खेळू लागतो. काही दिवसांनी ती त्याच्या रांगेच्या टोकाला आपली एक पेटी ठेवते. तो ती काढून टाकतो. पुढे तो रंग जुळलेली पेटी राहू देतो. आणि मग एखाद्या दुपारी, तिच्याकडे न पाहताच, तो हात लांब करून एक पेटी तिच्यापुढे सरकवतो. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष दिसणार नाही. पण घरातील आई स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहते. कारण 'आता तुझी पाळी' असे तिचा मुलगा प्रथमच म्हणाला आहे, आणि तेही एका शब्दावाचून.

हा केवळ मायेचा चमत्कार नव्हे. या मुलांचा अभ्यास करणाऱ्यांनाही असेच आढळले आहे की, मोठे माणूस जेव्हा अशा मुलाच्या खेळाचे अनुकरण करते, तेव्हा मूल त्याच्याकडे अधिक वेळ पाहते आणि त्याच्या जवळ येते. दुसऱ्याच्या घरी जाताना आपण दार ठोठावतो, चपला काढतो, त्या घरची रीत पाळतो. दुसऱ्याच्या खेळात जाण्याचीही अशीच रीत आहे.

शाळेत मात्र ही रीत पाळणे कठीण जाते. तेथे एका पटांगणावर शंभर मुले असतात, वेळ थोडा असतो, आणि हरण्याजिंकण्याची ईर्षा असते. जो गडी नियम चटकन समजत नाही, चेंडू अंगावर येताच कान झाकतो, बाद झाल्यावर रडतो, तो कोणालाच आपल्या बाजूला नको असतो. काही मुले त्याला चिडवतात. तो रागावून ओरडला की तेही त्यांना एक खेळच वाटतो. परंतु ज्यात एकालाच रडू येते आणि बाकीचे हसतात, त्याला खेळ म्हणता येत नाही. शहाणी मुले चिडवत नाहीत. ती फक्त त्याला सोडून देतात. "त्याला एकटेच आवडते," असे ती म्हणतात आणि निश्चिंत होतात.

हे खरे असते का? डोनाल्डची पुढील हकिकत या प्रश्नाचे उत्तर देते. १९४२ साली, तो नऊ वर्षांचा असताना, आईवडिलांनी त्याला गावापासून दहाएक मैलांवर एका शेतकरी दांपत्याकडे ठेवले. ती माणसे साधी होती, परंतु मोठी चतुर. डोनाल्डला मोजमापांचा नाद होता. त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि तिची खोली मोजून सांगायला सांगितले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे. त्यांनी त्याच्या हाती घोडा आणि नांगर दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोज म्हणून सांगितले. १९४५ साली डॉक्टर कॅनर त्याला भेटायला गेले, तेव्हा त्याने त्यांच्या डोळ्यांदेखत सहा लांबच लांब तास नांगरून दाखवले आणि प्रत्येक वळणावर घोडा अगदी सफाईने वळवला.

त्याला मेलेले पक्षी आणि किडे गोळा करण्याचीही खोड होती. दुसऱ्या कोणी ते फेकून देऊन त्याला रागे भरले असते. या दांपत्याने शेतात एक जागा नेमून दिली आणि त्या जिवांना तेथे पुरायला सांगितले. डोनाल्डने प्रत्येक जिवाच्या जागी एक पाटी लावली. तिच्यावरील पहिले नाव माणसाचे, मधले नाव त्या प्राण्याच्या जातीचे आणि आडनाव त्या शेतकऱ्याचे! जन्माची तारीख अज्ञात. मृत्यूची तारीख म्हणजे तो जीव सापडला तो दिवस. ज्याच्याकडे कल्पना नाही असे लोक समजत, त्याने गोगलगाईलाही घरचे आडनाव देऊन कुटुंबात घेतले. त्याची कल्पनाशक्ती जागीच होती. तिला हवी होती थोडी मोकळी जमीन. त्याच काळात तो जवळच्या खेड्यातील शाळेत जाऊ लागला. तेथे त्याचे वेगळेपण सर्वांनी सहज स्वीकारले, आणि त्याची अभ्यासात चांगली प्रगती झाली.

आता विटांची गोष्ट. डोनाल्ड अंकांत हुशार आहे, अशी त्याची ख्याती होती. एकदा काही मुलांनी त्याला आव्हान दिले की, समोरच्या मोठ्या इमारतीच्या विटा मोजून दाखव. डोनाल्डने भिंतीवरून क्षणभर नजर फिरवली आणि एक भलामोठा आकडा सांगून टाकला. मुले थक्क झाली. ही गोष्ट गावात वर्षानुवर्षे सांगितली गेली. डोनाल्ड म्हातारा झाल्यावर काही पत्रकार त्याला भेटायला आले आणि त्यांनी त्या विटांविषयी विचारले. तेव्हा कळले की त्याने विटा मुळी मोजल्याच नव्हत्या; आकडा मनचा होता. मग तो का सांगितला? त्या मुलांनी आपल्याला चांगले म्हणावे, एवढ्यासाठी.

ज्याच्याविषयी सर्वजण म्हणत की याला माणसांची गरजच नाही, त्या मुलाच्या मनात ही इच्छा होती. कॅनर यांच्या निबंधात ती सापडत नाही, वडिलांच्या पत्रातही नाही. एकटे खेळणाऱ्या मुलाला एकटेपणा प्रिय असतो, असे जे सांगतात, त्यांनी ही विटांची भिंत आठवावी. कधी त्याला खरोखरच एकटे राहायचे असते. तेव्हा त्याला तसे राहू द्यावे. कधी मात्र त्याला यायचे असते आणि वाट सापडत नसते. दोन्ही वेळा तो बाहेरून सारखाच दिसतो. म्हणून एकदा विचारून भागत नाही. पुन्हा पुन्हा, न कंटाळता विचारावे लागते.

मराठी मुलांच्या खेळात एक जुनी आणि सुंदर सोय आहे. एखादे लहान भावंड खेळायला आले की त्याला 'कच्चे लिंबू' म्हणून घेतात. ते पळते, ओरडते, त्याला कोणी बाद करत नाही. नियम वाकवता येतात, हे ज्ञान मुलांना कोणी शिकवलेले नाही; ते त्यांनी आपले आपणच शोधून काढले आहे. मात्र कच्चे लिंबू होण्यात एक उणीव आहे. ते डावात असते, पण हिशेबात नसते. त्याच्या असण्यानसण्याने डाव फिरत नाही. लहान भावंड दोन वर्षांत मोठे होते आणि पक्का गडी बनते. स्वमग्न मुलाने मात्र किती वर्षे कच्चे लिंबू राहावे?

त्याला पक्का गडी करण्यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. खेळ सुरू होण्यापूर्वी नियम थोडक्यात आणि स्पष्ट सांगावे. जमल्यास चित्र काढून दाखवावे. 'इकडे, तिकडे' असे न म्हणता चुन्याची रेघ आखावी. कोणाची पाळी केव्हा, हे ठरलेले असावे. चेंडू हाती देऊन ती पाळी दाखवता येते. डाव संपण्याच्या थोडे आधी 'आता दोनच पाळ्या राहिल्या' असे सांगावे, म्हणजे शेवट अचानक अंगावर येत नाही. गोंगाट असह्य झाला तर जाऊन बसण्यासाठी एखादी शांत जागा असावी, आणि तेथून परत येणाऱ्याला कोणी कारण विचारू नये. आकड्यांत रमणाऱ्याने गुण लिहावे, घड्याळात रमणाऱ्याने वेळ राखावी. परंतु त्या निमित्ताने त्याला कायमचे मैदानाबाहेर बसवू नये. आणि आठवड्यातून एकदा तरी त्याचा खेळ सर्वांनी खेळावा. झाकण कोणाचे जास्त वेळ फिरते, हा डाव वाटतो तितका सोपा नाही. त्यात बहुधा सारा वर्ग हरेल.

ही सारी दयेची गोष्ट आहे, असे कोणी समजू नये. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालकांच्या हक्कांचा जो करार केला, त्याच्या ३१व्या कलमात खेळण्याचा हक्क प्रत्येक बालकाला दिला आहे. भारताने तो करार १९९२ साली मान्य केला. पुढे भारताच्या संसदेने २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. सरकारने मान्यता दिलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, आणि शिक्षणाबरोबरच खेळ व करमणूक यांचीही संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे तो कायदा सांगतो. कायद्याने शाळेचे दार उघडते. पटांगणावरील डावात जागा करून देणे मात्र कोणत्याही न्यायालयाच्या हाती नाही. ते मुलांच्याच हाती आहे.

डोनाल्ड ट्रिप्लेट ८९ वर्षे जगला आणि २०२३ साली वारला. त्याने महाविद्यालयाची पदवी घेतली, गावातील बँकेत नोकरी केली, एकट्याने देशोदेशी प्रवास केला. तरुणपणी त्याला गोल्फची गोडी लागली आणि ती म्हातारपणापर्यंत टिकली. त्या खेळात प्रत्येकाचा चेंडू वेगळा, प्रत्येकाची पाळी ठरलेली, आरडाओरडा नाही, आणि तरीही चार माणसे एकाच हिरवळीवर बरोबर चालत असतात. त्याला साजेसा खेळ त्याला मिळाला होता. आणि त्याला सांभाळून घेणारे गावही मिळाले होते. ते त्याचे गाव होते, म्हणूनच तो त्यांचा झाला.

प्रत्येक मुलाच्या वाट्याला असे गाव येतेच असे नाही. पण प्रत्येक पटांगणावर गडी वाटून घेतले जातात, आणि दोन्ही बाजू पुऱ्या झाल्यावर कोणी तरी एक उरतो. पुढच्या डावाला त्याचे नाव सर्वांत आधी घ्यावे. त्याची इच्छा नसेल तर तो येणार नाही. कदाचित वळून पाहणारही नाही. परंतु आपले नाव घेतले गेले, हे त्याने ऐकलेले असेल.